गाणे आणि खोली

गाण्याचा इतिहास लिहिताना घराण्यांच्या वंशावळी, संस्थानिकांचे औदार्य आणि बुवा-खाँसाहेबांच्या आख्यायिका यांची नोंद आवर्जून होते. गाणे ज्या खोलीत झाले तिची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये एखाद्या घरी वीस-पंचवीस रसिक जमतात, ध्वनिक्षेपकावाचून तंबोरे जुळू लागतात, तेव्हा आम्हांस या उपेक्षित खोलीचे स्मरण होते.

ख्यालगायन वाढले ते दरबारात आणि दिवाणखान्यात. तेथे गवई आणि श्रोता यांच्यामध्ये एका सतरंजीचे काय ते अंतर. पुढे विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, जाहीर जलसे केले आणि गाणे सामान्य जनांच्या आवाक्यात आणले. हे उपकार विसरण्याजोगे नाहीत. ध्वनिक्षेपक रूढ झाल्यावर श्रोतृसमुदाय हजारोंच्या घरात गेला. पुण्यास १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव हे त्याचे ठळक उदाहरण होय. परंतु समुदाय वाढला तसे श्रोत्याचे गायकाशी असलेले सान्निध्य उणावले.

हे सान्निध्य किती मोलाचे, ते कुमार गंधर्वांच्या चरित्रावरून कळते. बालवयातच कीर्ती मिळविलेला बेळगावकडचा हा गायक १९४८ च्या जानेवारीत क्षयाने जर्जर होऊन माळव्यात देवासला आला. गाणे वर्ज्य झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या कानी येणारी माळवी लोकगीते हीच त्याची संगत. पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा आणि स्ट्रेप्टोमायसीन हे नवे औषध यांच्या बळावर पाच-सहा वर्षांनी तो पुन्हा गाऊ लागला. एक फुप्फुस अधू झालेले. त्यामुळे दीर्घ दमसासाऐवजी छोटे, भेदक स्वरसमूह आणि त्यांमधील निःशब्द क्षण यांतून नवी गायकी आकारास आली. लोकधुनांतून त्यांनी नवे राग सिद्ध केले. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाला. परंपरानिष्ठांनी आक्षेप घेतले. आमच्या मते, त्या निःशब्द क्षणांचे मर्म जवळ बसलेल्यासच पुरते उमगावे.

आमच्या या वस्तीचा आराखडा इंग्रज अधिकाऱ्यांसाठी आखलेला. त्यापूर्वी १८१७-१८ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढेही आम्ही आणि नागपूर एकाच प्रांतात नांदलो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. नागपूरशी असलेला राजकीय धागा तुटला. गाण्याचा धागा तुटू नये, ही जबाबदारी मात्र कोणत्याही सरकारची नव्हे. वर्गणी काढणाऱ्यांची, बैठकीची खोली मोकळी करून देणाऱ्यांची आणि पाहुण्या गवयाला स्टेशनावरून घेऊन येणाऱ्यांची आहे. या बैठकींना हिंदीभाषक आणि बंगाली शेजारीही येऊन बसतात, हे आमचे भाग्य.

अशा बैठकींचे दप्तर कोणी ठेवीत नाही. ज्याची नोंद नसते, ते बंद पडल्याचीही नोंद होत नाही. म्हणून ज्या घरी गाणे होईल, त्या घराने तारीख, गायक, साथीदार आणि गायिलेले राग एवढे तरी एका वहीत उतरून ठेवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.