फराळाचे ताट आणि मातीचा किल्ला

कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ साली, स्वदेशापासून दूर तामिळ मुलखातील जिंजीच्या किल्ल्यावर, शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत लष्कराच्या वर्षाचा क्रम दिला आहे. पावसाळ्यात लष्कराने छावणीस राहावे आणि दसरा होताच मुलूखगिरीस कूच करावे. नद्यांचे पाणी उतरलेले, वाटा वाळून घट्ट झालेल्या आणि घोड्यांना गवत मुबलक, असा तो काळ. म्हणून शरद ऋतू म्हटला की इतिहासाच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे सीमोल्लंघन उभे राहते. परंतु लष्कर वेशीबाहेर गेल्यावर मागे राहिलेल्या घरांत त्याच आश्विन-कार्तिकात काय चालले होते, हे बखरकाराने लिहिले नाही. लिहिण्याजोगे असे त्यात काही असते, हे त्याला कोणी सांगितले असते तरी तो हसला असता.

त्या घरांचा इतिहास शोधावयाचा तर दप्तरांच्या रुमालांइतकेच शब्दांकडे, भांड्यांकडे आणि हातांच्या सवयींकडे पाहावे लागते. ‘फराळ’ हाच शब्द घ्या. मूळ शब्द फलाहार. अर्थात उपवासाच्या दिवशी घ्यावयाचे हलके अन्न. आज एकादशीलाही फराळ होतो आणि दिवाळीलाही फराळ होतो. पण पहिला पोटाला आवर घालण्यासाठी आणि दुसरा तो आवर सोडून देण्यासाठी. एकाच शब्दाने इतका दूरचा प्रवास क्वचितच केला असेल.

या वाटेने जाणारे विद्वान आपल्याकडे थोडे झाले, पण मुळीच झाले नाहीत असे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक (क्युरेटर) परशुराम कृष्ण गोडे यांनी हस्तलिखितांच्या राशीत आयुष्य काढले, आणि त्याच चिकाटीने त्यांनी दिवाळीच्या सणाचा व जिलबीचाही इतिहास धुंडाळला. जिलबीला तळटीपा देणारा पंडित ही मला मोठी समाधानाची गोष्ट वाटते.

जुन्या पुराव्यांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मोलाचा आहे. इ. स. ११२९ च्या सुमारास तो रचला गेला. राजाने भोगावयाच्या सुखांची ती जंत्रीच असून तीत अन्नभोगाचेही प्रकरण आहे. मंडक, पोलिका, वटिका ही त्यातील नावे ऐकताच मांडे, पोळी आणि वडे ओळखू येतात. पण मला त्या ग्रंथातील वेगळीच एक नोंद अधिक जवळची वाटते. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे हा राजा सांगतो. गाण्याच्या प्रकारांविषयी लिहिताना, जाता जाता, त्याने ते नमूद केले आहे. जिच्या हातचे मांडे राजाच्या ताटात पडत होते, ती स्त्री ग्रंथात शिरली ती अशी, गाण्याच्या निमित्ताने आणि नावावाचून.

पुढे सतराव्या शतकात तंजावरला, व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मराठी स्वयंपाकघर कावेरीच्या काठी गेले, त्याची ही एक खूण. तंजावरकडची जी मराठी कुटुंबे आजही घरात आपली भाषा बोलतात, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

ग्रंथ सांगतात ती नावे. कृती मात्र हातांत राहिली. अनारशाचे उदाहरण पाहावे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे आणि रोज पाणी बदलावयाचे. मग उपसून ते कापडावर पसरावयाचे, पण पुरते सुकू द्यावयाचे नाहीत. अंगात थोडी ओल असतानाच कुटून त्यांचे पीठ चाळावयाचे. त्यात किसलेला गूळ मळून गोळा डब्यात मुरत ठेवावयाचा. चारसहा दिवसांनी खसखशीवर थापून तो तुपात सोडावयाचा, खसखशीची बाजू वर, न उलटता, झाऱ्याने तूप उडवीत. तीन दिवसांच्या भिजण्यात तांदूळ किंचित आंबतो आणि मऊ होतो. ओलसर पीठ गुळाला धरून ठेवते. मुरण्याने ते एकजीव होते आणि तळताना जाळी पडते. यातील एक पायरी चुकली की अनारसा तुपात विरघळून पसरतो. त्याला घरोघर ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. ज्या बाईचे आठ दिवसांचे कष्ट कढईत विरले, तिच्यापुढे अनारशाने हसावे, ही भाषेची थट्टा थोडी निर्दयच आहे. परंतु ती बायकांनी स्वतःच केलेली आहे.

आता यामागचे शास्त्र पाहा. पाण्याचा अंश काढून टाकावा, तुपातेलात तळावे, गुळाच्या अगर साखरेच्या पाकात बांधावे, आणि हवाबंद डब्यात ठेवावे, म्हणजे पदार्थ पंधरा दिवस टिकतो. भाजणी भाजून दळावयाची ती याच हिशेबाने, आणि चकलीच्या पिठात कडकडीत मोहन घालावयाचे ते ती खुसखुशीत व्हावी म्हणून. पाक एकतारी की दोनतारी हे चिमटीत धरून ओळखणारी बोटे कोणत्याही पाठशाळेत तयार झाली नाहीत. पावसाळ्याच्या दमट हवेत हे पदार्थ सादळतात. शरदाची कोरडी उन्हे पडू लागली की ते जमतात. ऋतूची निवड कोणा शास्त्रकाराने केली नसून डब्यातल्या चकलीने केली आहे, असे म्हटले तरी चालेल.

ताटात सर्वांत जुने काय असावे? माझे मत पोह्यांच्या बाजूने आहे. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगणात कारीट फोडून झाले की, गूळपोहे, दहीपोहे, तिखट पोहे असे पोह्यांचेच नाना प्रकार पानात येतात. भाताची कापणी नुकतीच झालेली असते. नवे भात भिजवून, भाजून, उखळात कांडले की पोहे होतात. नव्या धान्याचा तो पहिला घास. तेथे दिवाळी थेट शेतातून पानात येते.

त्याच पोह्यांचा चिवडा करावयास घ्या, म्हणजे निराळाच इतिहास समोर येतो. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली, आणि आपल्याकडे तिखटासाठी पूर्वापार असलेल्या मिऱ्याचेच नाव तिने घेतले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. काजू ब्राझीलचा, तोही गोव्याच्या वाटेने आलेला. म्हणजे ज्या चिवड्याला आपण अस्सल घरचा म्हणतो, त्यातील पोहे, कढीपत्ता, हळद, हिंग वगळले तर उरलेला बराचसा ऐवज समुद्रापलीकडचा. सभासदाच्या काळी मिरची या देशात येऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. सोमेश्वराच्या ताटात मात्र ती नव्हती. परंपरा म्हणून जे आपण जपतो, ते कोणा एका पिढीने कुतूहलाने चाखून पाहिलेले नवेच होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लाडू, करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळे, चिरोटे, अनारसे असे भरगच्च ताट प्रत्येक मराठी घरात पूर्वापार होते, ही समजूत खरी नाही. ज्वारी-बाजरीच्या मुलखात गव्हाची पोळी हीच सणाची वस्तू होती, आणि साखर त्याहूनही दुर्मिळ. साखर घरोघर पोचली ती पुष्कळ उशिरा. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो १९५० साली. त्यापूर्वी दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, मुंबईत शिधापत्रिका आली होती, आणि साखर मोजून मिळत होती. १९७२ च्या दुष्काळात ज्या घरांनी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढले, त्यांच्या दिवाळीच्या ताटात काय होते, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना विचारावे. फराळाच्या गोडव्याविषयी बोलताना हे विसरले तर आपण अर्ध्याच घरांचा इतिहास सांगतो.

ताटाचे एकसारखे रूप घडविण्यात छापखान्याचाही हात आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ एक हजार पाकक्रिया घेऊन आले, आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. पहिले पुस्तक पुरुषाने लिहिले आणि पुढची दोन स्त्रियांनी, यातच एका शतकाची हकीकत आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी वाचावयास काहीतरी असावे असा एक नवाच रिवाज पडला. चकलीच्या तेलाचे डाग नसलेला जुना दिवाळी अंक मला अजून पाहावयाचा आहे.

हे झाले चुलीपाशी. अंगणात मुलांचे राज्य. हस्त नक्षत्राच्या सुमारास मुली पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरतात. त्याला कोठे हादगा म्हणतात, कोठे भोंडला, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. गाण्यांत सासू, नणंद, दीर, रुसवा आणि माहेरची वाट. आठनऊ वर्षांच्या मुलींचे विवाह होत त्या काळात सासरी काय सोसावे लागते, हे चारचौघांत मोठ्याने सांगावयाची सोय या फेराखेरीज दुसरीकडे क्वचितच असेल. शेवटी झाकलेली खिरापत ओळखावयाची. गोड की तिखट, ओले की कोरडे, असे विचारीत विचारीत मुली साऱ्या स्वयंपाकघराची उजळणी करून टाकीत. आणि ज्या घरची खिरापत कोणालाच ओळखता आली नाही, त्या घरच्या आईची शान काही औरच!

मुलगे दिवाळीत किल्ला करतात. दगड-विटांचा ढीग, त्यावर पोते, पोत्यावर चिखलाचा लेप. बुरूज, तट, पायऱ्या, आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत उगवलेले रान. कुंभाराकडून आणलेले मावळे महाद्वारापेक्षा उंच असतात, आणि पायथ्याच्या रस्त्यावर एखादी पत्र्याची मोटार उभी असते. यात कालविपर्यास काढणाऱ्याने खुशाल काढावा. पण बालेकिल्ला वर का, पाण्याचे टाके कोठे, चोरवाट कोणत्या अंगाला, हे मूल जे चिखलात हात घालून शिकते, ते पुस्तकातून शिकत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी आहेत आणि सभासदाने जेथे बखर लिहिली ती जिंजीही आहे. मुलांनी ही मान्यता आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या आधीच देऊन ठेवली होती.

किल्ल्याच्या वर आकाशकंदील टांगावयाचा. बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधून सांगाडा करावा, त्यावर खळीने पतंगाचा कागद चिकटवावा, खाली झिरमिळ्या लावाव्या. कार्तिकात उंच काठीवर आकाशदीप लावण्याची चाल जुनी. ‘कंदील’ हा शब्द मात्र अरबी. दोन्ही मिळून एक मराठी वस्तू झाली.

मग येतात घराबाहेरची सुखे. कोजागरीला गच्चीवर आटीव दूध, आणि कार्तिक शुद्ध नवमीच्या सुमारास आवळीभोजन. आवळे याच दिवसांत झाडावर धरतात. त्या झाडाखाली चूल मांडून सहकुटुंब जेवावयाचे, एवढाच तो विधी. परंतु ज्या काळी घरच्या सुनेला देवदर्शन आणि पाणवठा याखेरीज उंबरठा ओलांडण्याचे कारण सापडत नसे, त्या काळी धर्मानेच सांगितलेली ही सहल तिला केवढी वाटली असेल! पुण्य पदरी पडो न पडो, दिवसभर डोक्यावर छप्पर नव्हते. सीमोल्लंघन तिनेही केले. फक्त ते कोणी लिहून ठेवले नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांत हे सारे थोड्या पालटाने टिकले. शेवेला माळव्याची चव आली, इतकेच. आज तयार फराळ दुकानात मिळतो आणि परदेशी असलेल्या मुलांना खोक्यांतून पाठविलाही जातो. त्यात दुःख करण्यासारखे मला काही दिसत नाही. तो करून पुष्कळ स्त्रियांच्या हाती स्वतःचा पैसा आला, आणि घरच्या बाईची चार रात्रींची झोप वाचली.

काळजी आहे ती वेगळीच. पुष्कळ घरांत आजीची एक वही असते. तीत भाजणीचे प्रमाण ‘एक शेर तांदूळ, अर्धा शेर हरभऱ्याची डाळ, चिपटेभर उडीद’ असे लिहिलेले असते. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली आणि शेर, पायली, मापटे, चिपटे हळूहळू माळ्यावर गेली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, एवढे कोष्टक जुन्या अंकलिपीत सापडते; पण शेर सगळीकडे सारखा नव्हता, मुलूख बदलला की तोही बदलत असे. शिवाय वहीच्या शेवटी ‘मीठ अंदाजाने’ असते, आणि अंदाज तर वहीत उतरतच नाही. तेव्हा आपल्या वहीतला शेर कोणत्या गावचा, आणि चिपटे म्हणजे घरातली कोणती वाटी, हे सांगू शकणारे माणूस घरात असेल, तर भाजणी गिरणीत जाण्यापूर्वी ती वाटी एकदा वजनकाट्यावर ठेवावी आणि आकडा त्याच पानावर लिहावा. खाली त्या माणसाचे नावही घालावे.