कुमेरीची राख आणि कोळशातला कार्बन

पेडणे आणि डिचोली हे गोव्याचे उत्तरेकडचे तालुके पोर्तुगिजांच्या हाती उशिरा आले. सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८१ मध्ये डिचोली आणि १७८८ मध्ये पेडणे गेले, आणि दोन्ही ‘नव्या काबिजादीं’त मोडू लागले. सासष्टी-बार्देशात, म्हणजे जुन्या काबिजादींत, कोमुनिदादींचे (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थांचे) हिशेब आणि खाजणांचे (खाडीकाठच्या शेतांचे) बांध तोवर कित्येक पिढ्यांचे झाले होते. इकडे नदीकाठचा सखल पट्टा सोडला, तर जांभ्याचे डोंगर आणि रानच फार. पेडणे, डिचोली आणि शेजारच्या सत्तरीत या डोंगरउतारांवर जी फिरती शेती होई, ती कुमेरी.

थंडी सरताना उतारावरची झाडेझुडपे कोयत्याने तोडून वाळत टाकायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर पेटवून द्यायची. पहिला पाऊस झाला की नांगर न लावता राखेतच नाचणी पेरायची. पुढच्या वर्षी वरी, मग कुळीथ किंवा तीळ. दोन-तीन पिकांत जमीन दमली की ती रानाला परत देऊन दुसरा उतार धरायचा. रान पुन्हा माजायला दहा-बारा वर्षे लागत, आणि तेवढी उसंत मिळत होती तोवर ही पद्धत टिकाऊ होती.

आग लावण्यामागे कारण होते. जांभ्याची माती आम्ल असते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातला चुना आणि पालाश धुऊन नेतो. राख अल्कधर्मी असल्यामुळे मातीची आंबटाई तात्पुरती उतरते आणि पिकाला पालाश मिळतो. हे औषध मात्र एक-दोन पावसांपुरतेच, कारण पुढच्या पावसात राखही वाहून जाते. कोकणातल्या सखल भातशेतीत हेच तंत्र लहान प्रमाणावर चाले. तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागी पालापाचोळा, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) आणि शेण पसरून जाळायचे. त्याला राब किंवा भाजावळ म्हणत. पुण्याच्या शेती महाविद्यालयातील हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह १९१२ मध्ये राबावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. ज्या प्रथेला जंगलखाते अडाणीपणा म्हणत होते, तिची परीक्षा घ्यावी असे प्रयोगशाळेला वाटले, हेच त्यातले विशेष.

जंगलखात्यांचे मत सहजी बदलणारे नव्हते. गोव्यात १८५१ मध्ये वनप्रशासन स्थापन झाले. शेजारच्या उत्तर कानड्यात मद्रास सरकारने १८६० मध्ये पूर्वपरवानगीशिवाय कुमरी (तिकडची कुमेरी) करण्यास बंदी घातली. मुंबई इलाख्यात राबासाठी कवळ तोडण्याच्या हक्कावरून इतके रण माजले की १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. राज्यकर्त्यांची नजर सागावर होती, नाचणीवर नव्हती. गोवामुक्तीनंतर कुमेरी आटत गेली, आणि तिच्या अनेक उतारांवर काजू उभा राहिला. डिचोलीत त्याच काळात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. खाणींच्या डंपांवर पुढे अकेशिया लावण्यात आला.

कार्बनच्या हिशेबात कुमेरी उधळी होती. उघड्या आगीला हवा भरपूर मिळते, त्यामुळे लाकडातला जवळजवळ सगळा कार्बन धुराबरोबर आकाशात जातो. योहानेस लेमान आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, तोडून जाळण्याच्या शेतीत मूळ कार्बनापैकी ३ टक्केच मागे उरतो. तेच लाकूड जाळण्याऐवजी त्याचा कोळसा करून मातीत घातला, तर सुमारे ५० टक्के टिकतो. या कल्पनेचे मूळ ब्राझीलमध्ये आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, जांभ्यासारख्याच आम्ल मातीत, जुन्या वस्त्यांच्या ठिकाणी काळ्या सुपीक मातीचे पट्टे सापडतात. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांतला कोळसा शेकडो वर्षांनंतरही कुजलेला नाही.

शेतीसाठी असा कोळसा मुद्दाम करतात तेव्हा त्याला बायोचार म्हणतात. तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळत्या खड्ड्यात वाळलेल्या फांद्या थराथराने जाळायच्या. वरची ज्वाळा हवा खाऊन टाकते, त्यामुळे खालचा निखारा राख होत नाही. शेवटी पाणी किंवा माती टाकून विझवायचे. कोरा कोळसा तसाच घातला तर तो पिकाच्या वाट्याचे अन्नद्रव्य शोषतो. म्हणून आधी शेणकाल्यात किंवा कंपोस्टात मुरवावा लागतो.

कार्बन क्रेडिटच्या बाजारात बायोचारला उशिरा जागा मिळाली. १९९७ च्या क्योटो कराराखालील स्वच्छ विकास यंत्रणेने जमिनीच्या बाबतीत फक्त वनीकरण मानले होते. २०१९ मध्ये आयपीसीने (हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाने) मातीतला बायोचार मोजण्याची पद्धत सुचवली, आणि त्याच वर्षी फिनलंडमध्ये सुरू झालेल्या पुरो डॉट अर्थ या बाजाराने त्याची क्रेडिटे विकायला घेतली. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना २८ जून २०२३ रोजी अधिसूचित झाली. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणून ७० टक्के कार्बन असलेल्या एक टन कोळशाचे कागदावर सुमारे अडीच टन होतात. त्यातून शंभर वर्षांत कुजणारा भाग, वाहतुकीचे इंधन आणि भट्टीतून सुटणारा मिथेन वजा होतो.

पेडणे-डिचोलीत कच्चा माल म्हणून काजूच्या छाटणीच्या फांद्या, करवंट्या आणि डंपांवरचा अकेशिया दिसतो. नारळाची सोडणे फुकट जातात असे समजणाऱ्याने मात्र गोव्यातले पाणी तापवायचे न्हाणीघर पाहिलेले नसावे. फेणीच्या भट्ट्यांनाही लाकूडच लागते. चुलीतून काढून घेतलेल्या सरपणाच्या जागी दुसरे झाड तुटले, तर क्रेडिटचा आधारच जातो. म्हणून प्रमाणकर्ते प्रत्येक खेपेचा उगम, वजन, प्रयोगशाळेतला कार्बन आणि कोळसा कोणत्या शेतात गेला याची नोंद मागतात. शेताची नोंद म्हणजे गोव्यात एक-चौदाचा उतारा. कुमेरी करणाऱ्याचे नाव अशा कागदावर क्वचितच असे, आणि त्या उतारांवरच्या काजूबागांपैकी बऱ्याच आज वनखात्याच्या किंवा भाटकारांच्या (जमीनदारांच्या) नावे आहेत. क्रेडिट सहसा कोळसा करणाऱ्याच्या खात्यावर जमा होते; जमीन ज्याच्या नावावर आहे आणि तिच्यात जो राबतो, त्यांना त्यातले काय मिळावे हे वेगळ्या कराराने ठरवावे लागते.