पेनेव्ह, दिमितर

(जन्म : १२ जुलै १९४५). बल्गेरियाचा फुटबॉलपटू व प्रशिक्षक. सोफिया शहराजवळील मिरोव्याने या गावी जन्म. बचावफळीचा आधार म्हणून त्याने बल्गेरियाकडून ९० आंतरराष्ट्रीय सामने खेळले, तर प्रशिक्षक म्हणून १९९४ च्या विश्वचषक स्पर्धेत देशाला चौथे स्थान मिळवून दिले. विश्वचषकातील बल्गेरियाची ही आजवरची सर्वोच्च कामगिरी होय. बल्गेरियन क्रीडारसिक त्याला ‘स्त्रातेगा’ म्हणजे ‘रणनीतीकार’ या टोपणनावाने ओळखतात.

खेळाडू म्हणून कारकीर्द : लोकोमोतिव्ह सोफिया हा पेनेव्हचा पहिला मोठा क्लब. १९६३-६४ च्या हंगामात लोकोमोतिव्ह राष्ट्रीय विजेता ठरला आणि त्यानंतर लगेचच पेनेव्ह सैन्यदलाच्या सीएसकेए सोफिया या क्लबात दाखल झाला. १९७७ पर्यंत तो तेथेच मध्यवर्ती बचावपटू म्हणून खेळला. या काळात सीएसकेएने ७ वेळा लीग जिंकली. १९६७ व १९७१ अशी दोन वर्षे त्याला बल्गेरियाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवडण्यात आले.

युरोपीय स्पर्धांतही त्याच्या क्लबने मोठ्या संघांना जेरीस आणले. १९६६-६७ च्या युरोपियन चषकात सीएसकेएने उपांत्य फेरी गाठली. तेथे इंटर मिलानशी दोन्ही लढती १–१ अशा सुटल्या आणि बोलोन्या येथील निर्णायक सामना इंटरने १–० असा जिंकला. १९७३ साली सलग तीन वेळा युरोपचा विजेता ठरलेला आयाक्स हा डच संघ सोफियात गारद झाला. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये ०–१ ने हरलेल्या सीएसकेएने परतीचा सामना जादा वेळेत २–० असा खिशात घातला.

राष्ट्रीय संघाचे चित्र मात्र निराळे होते. पेनेव्ह १९६६ (इंग्लंड), १९७० (मेक्सिको) व १९७४ (पश्चिम जर्मनी) या तिन्ही विश्वचषक स्पर्धांत बल्गेरियाच्या चमूत होता. या स्पर्धांतील ९ सामन्यांत बल्गेरियाला ३ बरोबरींवर समाधान मानावे लागले. विजय एकही नाही. १९६२ पासून १९८६ पर्यंत ५ विश्वचषकांत मिळून १६ सामने खेळूनही या देशाच्या विजयाची पाटी कोरीच राहिली. प्रशिक्षक झालेल्या पेनेव्हच्या वाट्याला आलेला वारसा हा असा होता.

तरुण खेळाडूंची जडणघडण : १९८५ च्या बल्गेरियन चषकाच्या अंतिम सामन्यात सीएसकेए व लेव्हस्की या परंपरागत प्रतिस्पर्ध्यांत मैदानावरच हाणामारी झाली. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने दोन्ही क्लब बरखास्त करून त्यांची नव्या नावांनी पुनर्रचना केली, तसेच काही खेळाडूंवर आजन्म बंदी घातली. त्यांत सीएसकेएचा १९ वर्षांचा आघाडीपटू ह्रिस्तो स्टोइचकोव्ह व लेव्हस्कीचा गोलरक्षक बोरिस्लाव मिहायलोव्ह हेही होते. पुढे ही बंदी उठवण्यात आली.

दशकाच्या उत्तरार्धात पेनेव्हने या नव्याने उभ्या राहिलेल्या संघाची (तेव्हाचे नाव स्रेदेत्स) सूत्रे सांभाळली. तापट स्टोइचकोव्ह, चपळ एमिल कोस्तादिनोव्ह आणि पेनेव्हचा पुतण्या, उंचापुरा ल्युबोस्लाव पेनेव्ह या विशीतल्या तिघांची आघाडीफळी त्याच्याच हाताखाली तयार झाली. १९८८-८९ च्या चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला व योहान क्रायफच्या बार्सेलोनाकडून २–४, १–२ असा हरला. या दोन सामन्यांतील बल्गेरियन संघाचे तिन्ही गोल एकट्या स्टोइचकोव्हचे होते. क्रायफच्या नजरेत तो तेव्हाच भरला आणि १९९० मध्ये बार्सेलोनाने त्याला करारबद्ध केले. कोस्तादिनोव्ह पोर्तोला, तर ल्युबोस्लाव त्याआधीच व्हॅलेन्सियाला गेला होता. १९८९ व १९९० ची लीग विजेतेपदे पेनेव्हच्याच कारकीर्दीतली.

राष्ट्रीय प्रशिक्षक : १९९१ मध्ये राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडे आली. राजवट बदलली होती आणि चांगले खेळाडू युरोपभर पांगले होते. त्यामुळे संघ एकत्र येई तो सामन्यापुरताच. पेनेव्हने नव्या डावपेचांचा बडेजाव केला नाही. आपण ओळखून असलेल्या खेळाडूंना त्यांच्या आवडीच्या जागी खेळवायचे आणि मैदानाबाहेर फारशी बंधने घालायची नाहीत, अशी त्याची पद्धत होती. ‘रणनीतीकार’ हे नाव काही टीकाकार उपहासानेच घेत.

१७ नोव्हेंबर १९९३ रोजी पॅरिस येथे विश्वचषक पात्रता फेरीचा अखेरचा सामना झाला. यजमान फ्रान्सला बरोबरीही पुरेशी होती. बल्गेरियाला विजयच हवा होता. एरिक काँतोनाच्या गोलला कोस्तादिनोव्हने उत्तर दिले व गुणफलक १–१ वर अडला. शेवटच्या मिनिटाला फ्रान्सच्या दाव्हिद जिनोलाने चेंडू कोपऱ्यात दाबून वेळ काढण्याऐवजी गोलसमोर उंच टोलवला. तो कोणालाच मिळाला नाही. बल्गेरियाने तेथूनच प्रतिहल्ला चढवला. ल्युबोस्लावने बचावफळीवरून दिलेला पास घेऊन कोस्तादिनोव्हने उजव्या बाजूने जोरदार फटका मारला आणि चेंडू आडव्या खांबाखालून जाळ्यात गेला. फ्रान्स स्पर्धेबाहेर फेकला गेला.

अमेरिकेतील विश्वचषकाआधी ल्युबोस्लावला कर्करोगाचे निदान झाले व तो संघात नव्हता. पहिल्या सामन्यात नायजेरियाने ३–० ने धूळ चारली. मात्र २६ जून १९९४ रोजी शिकागोत ग्रीसला ४–० असे हरवून बल्गेरियाने विश्वचषकातील आपला पहिला विजय नोंदवला. त्यानंतर अर्जेंटिनावर २–० अशी मात केली. मेक्सिकोविरुद्धचा सामना १–१ असा सुटल्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये मिहायलोव्हने दोन फटके अडवले.

१० जुलैला न्यू जर्सीत गतविजेत्या जर्मनीशी उपांत्यपूर्व लढत झाली. लोथार माथेउसच्या पेनल्टीमुळे बल्गेरिया मागे पडला. ७५ व्या मिनिटाला स्टोइचकोव्हच्या फ्री किकने बरोबरी साधली. तीनच मिनिटांनी योर्दान लेचकोव्हने झेपावत केलेल्या हेडरने निकाल २–१ असा फिरला. त्या वेळी लेचकोव्ह जर्मनीतल्याच हॅम्बुर्ग क्लबकडून खेळत होता. उपांत्य सामन्यात रॉबर्टो बाज्जिओच्या दोन गोलांमुळे इटलीने २–१ ने बाजी मारली. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात दमलेला संघ स्वीडनकडून ०–४ असा हरला. ६ गोल करणारा स्टोइचकोव्ह स्पर्धेतील संयुक्त सर्वाधिक गोल करणारा ठरला व त्याच वर्षी ‘बॅलन डी’ओर’चा मानकरी झाला.

पेनेव्हच्या मार्गदर्शनाखाली बल्गेरियाने १९९६ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतही प्रथमच प्रवेश मिळवला. तेथे स्पेनशी १–१ बरोबरी व रुमानियावर १–० असा विजय मिळाला, पण फ्रान्सकडून १–३ ने हरल्याने संघ गटातच गारद झाला. आजारातून बरा होऊन परतलेल्या ल्युबोस्लावचा स्वयंगोल हा फ्रान्सच्या तीन गोलांपैकी एक. या स्पर्धेनंतर पेनेव्हने पद सोडले व ह्रिस्तो बोनेव्ह प्रशिक्षक झाला.

उत्तरकाल : पेनेव्ह पुढेही सीएसकेएकडे अधूनमधून परतत राहिला. २००७ मध्ये काही काळ राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. २००८ च्या उन्हाळ्यात आर्थिक अडचणींमुळे सीएसकेएला युरोपीय स्पर्धेचा परवाना नाकारण्यात आला व अनेक प्रमुख खेळाडू क्लब सोडून गेले. अशा वेळी पेनेव्हने नवख्या तरुणांना हाताशी धरून संघ उभा केला. २००९ मध्ये त्याच्या जागी ल्युबोस्लाव पेनेव्हची प्रशिक्षकपदी नेमणूक झाली.

मूल्यमापन : पेनेव्ह हा डावपेचांचा नवा संप्रदाय घालून देणारा प्रशिक्षक नव्हे. गुणी पण हट्टी तरुण वेळेवर हेरणे, त्यांना लवकर संधी देणे आणि सीएसकेए–लेव्हस्की वैराला राष्ट्रीय संघात थारा न देणे, हे त्याचे खरे कर्तृत्व. १९९४ च्या संघात या दोन्ही क्लबांत घडलेले खेळाडू खांद्याला खांदा लावून खेळले. बल्गेरियाला १९९८ नंतर विश्वचषकाची मुख्य फेरी गाठता आलेली नाही, यावरून या कामगिरीचे मोल ध्यानात येते.