परसातील कोंबड्यांचे भक्षकांपासून संरक्षण

अंगणात, परसात किंवा शेतावरच्या वस्तीवर मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांना कोल्हा, खोकड, मुंगूस, रानमांजर, उदमांजर, मोकाट कुत्रे, साप, घुशी, घार, शिक्रा व कावळे यांच्यापासून वाचविण्याचे उपाय. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातील सुमारे 85 कोटी कोंबडीवर्गीय पक्ष्यांपैकी 31.7 कोटी परसात पाळलेले आढळले. आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढलेली होती. अनेक घरांत या कोंबड्यांचा पैसा बाईच्या हाती राहतो आणि एका रात्रीत खुराडे रिकामे झाले तर तो समूळ बुडतो. अशा वेळी सगळा राग जनावरावर निघतो. परंतु नुकसान किती होणार हे भक्षकाच्या भुकेपेक्षा कोंबडी त्या घटकेला किती असहाय आहे यावर अधिक ठरते, आणि ती असहायता कमी करणे पाळणाऱ्याच्या हातात असते.

याचा उत्तम पुरावा कोंबड्यांच्या नव्हे, कुरव पक्ष्यांच्या अभ्यासातून मिळतो. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर रेव्हनग्लास येथे काळ्या डोक्याच्या कुरवांची मोठी वसाहत होती. गडद अंधाराच्या रात्री लाल खोकडे तेथे पक्ष्यांचा सडा पाडत आणि त्यांतले बहुतेक न खाताच टाकून जात. हान्स क्रूक या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने 1972 मध्ये याचा उलगडा मांडला. अशा अंधारात कुरव जागचे हलत नसत. एरवी सावज निसटल्यामुळे शिकार आपोआप थांबते; तेथे निसटणारे कोणीच नसल्याने ती थांबत नसे. बंद खुराड्यात शिरलेल्या रानमांजराची गोष्ट हीच आहे. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, दांडीवर बसली की ती जागा सोडत नाही, आणि सोडली तरी चार भिंतींच्या आत जाणार कोठे? सकाळी दिसणारा रक्तपात हा जनावराच्या क्रूरपणाचा दाखला नाही, फट राहिल्याचा आहे. अर्धवट सुरक्षित खुराडे म्हणूनच सर्वांत घातक ठरते. झाडावर रात्र काढणाऱ्या गावठी कोंबडीला उडून जाण्याची थोडी तरी संधी असते. आत कोंडलेलीला तीही नसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराजासारख्या सुधारित जातींचे पक्षी वजनाने भारी असल्याने झाडाचा आश्रयही त्यांना सहज साधत नाही. सुधारित पक्षी घेणाऱ्याला चांगल्या खुराड्याची गरज वाढते, हे पक्षी घेतानाच ध्यानात घ्यावे.

खुराड्याची परीक्षा त्याच्या सर्वांत कच्च्या जागी होते. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळणारी षटकोनी, पातळ तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. ती दातांनी वा पंजांनी फाटते. तिच्याऐवजी सुमारे अर्ध्या इंची चौकोनांची, सांधे जोडलेली जाड जाळी वापरली तर मुंगूस आणि घूसच नव्हे, बहुतेक सापही अडतात. जमिनीवरचे खुराडे उकरून आत शिरता येते. त्यासाठी जाळी फूटभर खोल पुरावी किंवा भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीवर पसरून वर माती-दगड टाकावेत. भिंतीलगत उकरू पाहणारे जनावर जाळीवरच येते आणि मागे सरकून लांबून खणण्याची युक्ती त्याला सहसा सुचत नाही. कोकणात जांभ्याच्या चौथऱ्यावर, अन्यत्र खांबांवर उचललेले खुराडे हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवते. दाराला नुसती फिरती खुंटी पुरत नाही, कडी हवी. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून काढावेत, कारण दाण्यांमागे उंदीर आणि उंदरांमागे साप येतो.

भक्षकच संपवला तर एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप जुना आहे आणि वरवर पटण्यासारखाही आहे. कायद्याचे उत्तर सरळ आहे: कोल्हा, खोकड, मुंगूस व रानमांजर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्यांना मारणे गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी हा मार्ग फोल ठरला असता. मोकळ्या झालेल्या टापूत दुसरे जनावर येते आणि खुराड्याची फट त्याच्यासाठीही तशीच असते. विष घातलेले आमिष कोण खाईल यावर कोणाचा ताबा नसतो. त्यात गावची कुत्री मरतात, मेलेले जनावर खाणारे पक्षी मरतात. शिवाय हेच भक्षक शेतातले उंदीर खातात. घरची वीज थेट कुंपणात सोडणे तर माणसांच्याच जिवावर बेतते.

राखणीला कुत्रा ठेवावा, असेही म्हटले जाते. कोंबड्यांत वाढलेला कुत्रा मुंगूस-कोल्ह्यांना लांब ठेवतो, हे खरे. मात्र बिबट्याच्या मुलखात हिशेब उलटतो. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव-मोकाट कुत्र्यांचा निघाला. तेथे रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा राखणदार न राहता आमिष होतो. त्यालाही आडोसा हवाच.

सर्वांत सबळ आक्षेप दिवसाचा आहे. कोंबडी चरायला सोडायचीच, तर रात्रीच्या कडीचा उपयोग काय? दिवसा संपूर्ण संरक्षण शक्य नाही, हे मान्यच करावे. पण दिवसा कोंबडी असहाय नसते. आकाशातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी कोंबडा वेगवेगळे इशारे देतो व कळप त्याप्रमाणे वागतो. म्हणून अंडी देत नाही या कारणाने कळपातला एकुलता कोंबडा विकणे तोट्याचे. झुडपे, पडवी, उभी केलेली गाडी एवढा आडोसाही शिक्र्याच्या झेपेपासून बचावाला पुरतो. अपवाद पिल्लांचा. पहिले सहा ते आठ आठवडे ती कावळ्यालाही सहज सापडतात. त्या काळात त्यांना आईसह डालग्याखाली किंवा वरून जाळी घातलेल्या जागेतच ठेवावे.

राहिला खर्च. पैसा बेताचा असेल तर मोठ्या कुंपणावर तो घालू नये. आधी कडी आणि फटी, मग तळ, मग पिल्लांची जागा, आणि उरले तरच कुंपण, हा क्रम धरावा. संध्याकाळी कोंबड्या मोजून दार लावण्याला तर काहीच पडत नाही. आणि ज्या संस्था व योजना गावोगाव पक्षी वाटतात, त्यांनी पिल्ले हाती देण्याआधी त्या घरचे खुराडे एकदा वाकून आतून पाहावे.