लेनिनग्राडमधील पाली-अध्यापन आणि आचार्य धर्मानंद कोसंबी

आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या परदेशगमनाचा विषय निघाला म्हणजे हार्वर्डचे स्मरण प्रथम होते, आणि ते स्वाभाविकही आहे. ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाच्या निमित्ताने १९१० ते १९३२ या काळात ते चार वेळा अमेरिकेस गेले. तेथील त्यांचे परिश्रम, प्रा. लॅनमन यांच्याशी झालेला मतभेद आणि आचार्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५० साली, हार्वर्ड ग्रंथमालेतून प्रकाशात आलेला तो ग्रंथ यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. याउलट १९२९ साली ते लेनिनग्राडला पाली शिकविण्यास गेले, ही घटना बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मवृत्त १९२४ साली प्रसिद्ध झाले असल्याने त्यात हा भाग येणे शक्यच नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण आमच्या मते आपल्या संकोचात आहे. धम्माच्या अभ्यासकांस साम्यवादी रशियाचे वावडे, आणि साम्यवाद्यांस पालीच्या पंडिताचे काय करावे हे उमगत नाही. त्यामुळे हा अध्याय दोन्ही घरचा पाहुणा होऊन उपाशी राहिला.

रशियात बौद्धविद्येची परंपरा मात्र जुनी आणि भक्कम होती. इव्हान मिनायेव्ह या विद्वानाने १८७२ साली पालीचे व्याकरण रशियन भाषेत लिहिले. पुढे त्याने भारत, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथे प्रवास केला. त्याचे दोन शिष्य, सेर्गेई ओल्डेनबुर्ग आणि फ्योदोर श्चेर्बात्स्की, यांनी ही परंपरा वाढविली. ओल्डेनबुर्ग यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली ‘बिब्लिओथिका बुद्धिका’ ही ग्रंथमाला जगभरच्या अभ्यासकांस परिचित आहे. श्चेर्बात्स्की यांचा ओढा दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या न्यायाकडे. त्यासाठी १९१० साली ते भारतात आले आणि मुंबईत राहून पंडितांकडून न्यायशास्त्र शिकले. योगायोग असा की, त्याच वर्षी आचार्य कोसंबी अमेरिकेच्या वाटेला लागले होते. या गुरुबंधूंच्या हयातीत रशियन अभ्यासाचे वळण संस्कृत, तिबेटी आणि चिनी ग्रंथांकडे गेले. मिनायेव्हने घातलेला पालीचा पाया तसाच राहिला, त्यावर भिंती फारशा चढल्या नाहीत.

१९१७ च्या क्रांतीनंतर ही विद्या नाहीशी होईल असे कोणासही वाटले असते. परंतु १९१९ च्या ऑगस्टमध्ये, यादवी युद्ध पेटलेले आणि शहर उपासमारीने ग्रासलेले असता, पेत्रोग्राड येथे बौद्ध कलेचे प्रदर्शन भरले आणि ओल्डेनबुर्ग व श्चेर्बात्स्की यांनी तेथे व्याख्याने दिली. ज्या नगरात भाकरीची भ्रांत होती त्या नगरात तथागताच्या धर्मावर व्याख्यान होते, हे चित्र आम्हांस फार बोलके वाटते. पुढे १९२८ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीने बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली व श्चेर्बात्स्की तिचे प्रमुख झाले. धर्माला विरोध करणाऱ्या राजसत्तेने असे का करावे? बुर्यात आणि काल्मिक या बौद्ध जमाती त्या राज्यात होत्या, मंगोलिया शेजारी होता, पूर्वेकडील राष्ट्रांशी संबंध जोडावयाचे होते. शासनाचा हेतू राजकीय होता, विद्वानांचा हेतू विद्येचा होता, आणि काही काळ दोहोंचे जमले, इतकेच.

आचार्य तेथे पोहोचले ते नेमके हे जमणे संपत आलेल्या वर्षी. वय त्रेपन्नाच्या घरात, पाठीशी सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथील भिक्षुजीवनाचा अनुभव, फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आणि गुजरात विद्यापीठातील वास्तव्य. पाली त्यांनी विहारात, थेरांच्या पायाशी बसून मिळविली होती. केवळ हस्तलिखितांवरून भाषा जाणणाऱ्या युरोपीय पंडिताहून असा अध्यापक निराळा असतो. त्याच्या मुखात सुत्ताचा पाठ असतो. मिनायेव्हनंतर जे उणे राहिले होते ते भरून काढण्यास याहून योग्य मनुष्य मिळणे कठीण होते. शिवाय समाजवादाविषयी त्यांना आस्था होती; अमेरिकेतील वास्तव्यातच त्या विचाराशी त्यांचा परिचय झालेला होता.

परंतु ते वर्ष कसले होते पाहा. एप्रिल १९२९ मध्ये धार्मिक संघटनांवर कडक निर्बंध घालणारा कायदा झाला. मे महिन्यात राज्यघटना बदलून धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य काढून घेण्यात आले. धर्मविरोधी प्रचाराचे तेवढे राहिले. शहरांत भाकरी शिधापत्रिकेवर मिळू लागली. शरद ऋतूत अखंड कामाचा आठवडा सुरू होऊन रविवारची सुट्टी गेली. त्याच सुमारास अकादमीत ‘शुद्धीकरण’ सुरू झाले, आणि पंचवीस वर्षे तिचे स्थायी सचिव असलेल्या ओल्डेनबुर्ग यांना पदावरून दूर करण्यात आले. धम्मपदाचे वाक्य फळ्यावर लिहिणाऱ्या परदेशी अध्यापकाच्या भोवती हे सारे चालू होते. एखाद्या पाहुण्यास घरातील कलह जेवढा दिसतो, तेवढा तर त्यांस दिसलाच असेल.

१९३० च्या आरंभी ते स्वदेशी परतले. येथेही राजकीय परिवर्तनाची लाट उसळलेली होती. मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली आणि आचार्यांनी स्वयंसेवक जमविण्याचे काम अंगावर घेतले, कारावासही सोसला. काहीजण या दोन घटनांत विसंगती पाहतात. लेनिनचे नगर पाहून आलेला मनुष्य मिठाच्या सत्याग्रहात कसा? आम्हांस तशी विसंगती दिसत नाही. समाजवादाला अहिंसेची जोड मिळाल्यावाचून तो मनुष्यास सुखी करणार नाही, हा विचार त्यांच्या उत्तरकालीन लेखनात, विशेषतः १९३५ च्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या ग्रंथात, आढळतो. साधनांचा हाच प्रश्न पुढे नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे पूज्य बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना जगापुढे ठेवला. दोघांची वाट एक नव्हती, आणि ती एक होती असे भासविणे योग्य नाही. पण प्रश्न एकच होता.

लेनिनग्राडमधील संस्था १९३० मध्येच प्राच्यविद्या संस्थेत विलीन झाली. श्चेर्बात्स्की यांचा ‘बुद्धिस्ट लॉजिक’ हा महाग्रंथ १९३० ते १९३२ या काळात निघाला, तो या मंडळाचा शेवटचा मोठा विजय. त्यांचा गुणी शिष्य ओबरमिलर १९३५ मध्ये अकाली वारला. वोस्त्रिकोव आणि तुब्यान्स्की या दोघांना १९३७ साली गोळ्या घालण्यात आल्या. नगरातील बौद्ध मंदिर उभारणारे अग्वान दोर्जिएव १९३८ च्या जानेवारीत कैदेत मरण पावले. युद्धकाळात कझाकस्तानात हलविलेले वृद्ध श्चेर्बात्स्की १९४२ साली तेथेच निवर्तले. १९४५ मध्ये राहुल सांकृत्यायन लेनिनग्राड विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले, तेव्हा जुन्या मंडळींपैकी फारच थोडी उरली होती.

‘बिब्लिओथिका बुद्धिका’ १९३० नंतरच्या दशकात बंद पडली होती. ती १९६० साली पुन्हा सुरू झाली. भारतात दीर्घकाळ राहून रशियास परतलेले जॉर्ज रोरिक तिचे संपादक होते. पुन्हा सुरू झालेल्या मालेचा पहिला ग्रंथ म्हणजे तोपोरोव यांनी मूळ पालीवरून केलेले धम्मपदाचे रशियन भाषांतर.