एकांची माळ आणि मूळ संख्या

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली रँग्लर परांजपे गणित-पारितोषिक मिळविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर पुढे देवळालीस शाळाशिक्षक झाले व १९६२ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. ११, १११, ११११ अशा एकांच्या माळांचा वर्ग केला असता, नऊ एकांपर्यंत, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा सममित संख्या मिळतात. त्यांचा समावेश त्यांनी एका रेल्वेस्थानकाच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या ‘डेमलो संख्यां’त केला. हा दशमान अंकलेखनाचा खेळ होय, संख्येचा स्वभावधर्म नव्हे, असा आक्षेप या प्रकारच्या अभ्यासावर घेतला जातो.

अंकलेखन व संख्या यांतील भेद खरा आहे. परंतु त्यांचा संबंध तुटलेला नाही. एकांची माळ मूळ संख्या ठरावयाची, तर तिच्यातील एकांची संख्याही मूळ असावी लागते. याचा व्यत्यास मात्र खरा नाही: १११ म्हणजे ३ गुणिले ३७. उलट, एकोणीस एकांची माळ मूळ आहे.

द्विमान लेखनात हाच नियम मर्सेन संख्यांस लागू पडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये घोषित झालेली, तोवरच्या सर्व ज्ञात मूळ संख्यांहून मोठी संख्या म्हणजे दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात उणे एक. दशमानात तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात; द्विमानात ती १३,६२,७९,८४१ एकांची अखंड माळ आहे. लेखन बदलल्याने तिचे मूळत्व बदलत नाही. तथापि दोनाच्या घाताहून एकाने उणी असण्याच्या या घडणीमुळेच तिला ल्यूका-लेमर कसोटी लावून ते मूळत्व सिद्ध करता आले.