डब्लिनचें सूपगृह

भुकेलेल्यांसाठीं पैसा जमवावयाचा म्हणून सुखवस्तु लोकांस पदार्थ चाखावयास बोलवावें, ही चाल बरीच जुनी आहे. १८४७ सालीं बटाट्याच्या रोगामुळें आयर्लंडांत दुष्काळ माजला असतां लंडनच्या रिफॉर्म क्लबाचा आचारी अलेक्सिस सॉयर यानें डब्लिनांत ३०० ग्यालनांचा हंडा चढविला. ५ एप्रिल रोजीं बडी मंडळी त्याचें सूप चाखून तारीफ करून गेली. पांच शिलिंग देणारांस, साखळीनें जखडलेल्या चमच्यांनीं जेवणारे कंगालही पाहावयास मिळाले. पशुसंग्रहालयांत जनावरांचें खाणें सहा पेनींत दिसतें, असा टोला एका वृत्तपत्रानें हाणला. सॉयरच्या एका कृतींत दोन ग्यालन पाण्यास पाव पौंड मांस होतें. 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रानें त्या सूपाच्या पोषकतेवरच टीका केली.

तथापि आम्ही सॉयरची थट्टा करणार नाहीं. त्याच उन्हाळ्यांत सरकारी सूपगृहांतून रोज सुमारें ३० लाख माणसांस अन्न मिळालें. शरदऋतूंत मात्र तीं सूपगृहें बंद झालीं, दुष्काळ राहिला. चाखणाराचें काम एका घोटांत संपतें. भुकेल्यास उद्यांही जेवावें लागतें. दानाचा खरा कस त्या उद्यांवर लागतो, असें आम्हांस वाटतें.